रेसिंग लायसन्स, मान आणि सव्वा जी

चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांच्या चाचणीचं काम करतो. वळणात गाडीवर किती ‘जी’ आला, ब्रेक मारल्यावर किती आला, याचे आलेख रोज डोळ्यांखालून जातात. ०.७, ०.८, क्वचित ०.९. गाडीचं काय होतं ते त्यात दिसतं, आत बसलेल्या माणसाचं काय होतं ते मात्र कुठल्याच रकान्यात नसतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी रेसिंग शाळेत नाव घातलं ते या कुतूहलापोटी. हौस होती हेही खरंच. जाण्याआधी माहिती शोधली तेव्हा लॅप टाइमबद्दल ढीगभर सापडलं. पण मान किती दुखते, डॉक्टर कशावर सही करतात, ट्रॅकवरून उतरल्यावर जेवण जातं का, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी थोडा हिशेब, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एक जी म्हणजे आपलं रोजचं वजन. वळणात तसाच जोर आडवा लागतो. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या, त्याला ९.८ ने भागलं की झालं. चाळीस मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ७२ किलोमीटरने गेलात की साधारण एक जी आडवा बसतो. वेग दुप्पट केला तर जोर चौपट होतो. ताम्हिणी घाटातल्या तीस मीटर त्रिज्येच्या वळणात आपण ३६ च्या वेगाने जातो तेव्हा हा आकडा जेमतेम ०.३५ असतो, आणि तेवढ्यावरही मागच्या सीटवरचे लोक आवळा सुपारी मागायला लागतात. फॉर्म्युला वनमध्ये तो पाचाच्या पुढे जातो. शाळेतल्या गाड्यांमध्ये फार तर सव्वा. सव्वा म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटत होतं.

ऑक्टोबरमध्ये कागदपत्रांना सुरुवात केली. भारतात स्पर्धेचं लायसन्स एफएमएससीआय देते, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. सर्किटवर पहिल्यांदा उतरणाऱ्याने आधी शाळेचं प्रमाणपत्र घ्यायचं, मग अर्ज. मी ज्या शाळेत नाव घातलं त्यांची पुढची बॅच जानेवारीत होती, कोइम्बतूरला. फी जीएसटी धरून ₹५५,००० च्या आसपास, निम्मी आगाऊ. आधी वाटलं, तीन महिने हातावर हात ठेवून बसायचं. पण शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी फोनवर एक कामाची गोष्ट सांगितली. लायसन्स कॅलेंडर वर्षापुरतं, ३१ डिसेंबरला संपतं. वर्षअखेरीस घाई करून काढलं तर पैसे भरून हातात महिनाभराचा कागद येतो. तेव्हा जानेवारीची बॅच मिळत असेल तर तीच घ्या.

वैद्यकीय फॉर्म हा या सगळ्यातला सर्वांत वेळखाऊ भाग. उंची, वजन, रक्तगट, रक्तदाब, नजर, रंग ओळखता येतात का, फिट येते का, मधुमेह, हृदयविकार, जुनी ऑपरेशनं. खाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मला लहानपणी गोवराच्या वेळी तपासलं आहे. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “अरे, पोहण्याचं सर्टिफिकेट देतो मी, ट्रेकिंगचं देतो. हे कसलं? गाडी तर बसून चालवायची ना?” मी जी, मान, हृदयाचे ठोके वगैरे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सही न करता चिठ्ठी लिहिली: ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, मानेचा एक्स-रे, साखर, हिमोग्लोबिन. फॉर्ममध्ये माझ्या वयाला यातलं सगळं मागितलेलं नव्हतं. तेव्हा कटकट वाटली. सगळं मिळून ₹४,००० च्या घरात गेलं, शिवाय नेत्रतज्ज्ञांकडून रंगदृष्टीचा कागद वेगळा. एक्स-रेत मानेच्या मणक्यांचा नैसर्गिक बाक थोडा सरळ झालेला निघाला. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या निम्म्या पुण्याचा असाच निघेल, असं डॉक्टर म्हणाले. सही केली, पण अट घातली की आधी फिजिओकडे जायचं.

इन्शुरन्सचं इथेच सांगून टाकतो. तुमची मेडिक्लेम पॉलिसी आणि अपघात विमा काढा आणि ‘अपवाद’ हे पान वाचा. बहुतेक पॉलिसींमध्ये रेसिंग वगळलेलं असतं, माझ्याही होतं. शाळेत हमीपत्रावर सही घेतात, त्यात जबाबदारी आपली असं स्वच्छ लिहिलेलं असतं. शाळेकडून कोणतं कव्हर मिळतं, किती रकमेचं, हे लेखी विचारून घ्या. हे घरी बोलून मगच पैसे भरा.

फिजिओ मॅडमनी पहिल्या दिवशी माझ्या कानशिलावर तळवा टेकवला आणि म्हणाल्या, “आता मी ढकलते, तुम्ही डोकं हलू द्यायचं नाही.” उजवीकडून बऱ्यापैकी टिकलो, डावीकडून लगेच कललो. दोन्ही बाजूंत फरक असतोच, त्या म्हणाल्या, रोज एकाच कुशीवर झोपता का? झोपतो. मग व्यायाम सुरू झाले: हात कपाळावर, कानशिलावर, डोक्यामागे ठेवून दहा-दहा सेकंद दाबायचं, मान जागची हलवायची नाही. नंतर तेच थेराबँड, म्हणजे व्यायामाचा रबरी पट्टा, लावून. जोडीला खांद्यांच्या मधल्या स्नायूंचे आणि पोटाचे व्यायाम, कारण मान एकटी काही करत नाही.

याच काळात सुचलेली एक गोष्ट सगळ्यांना सांगतो. पलंगाच्या कडेला कुशीवर झोपायचं, खांद्यापासून वरचा भाग बाहेर, डोक्यात हेल्मेट, आणि डोकं जमिनीला समांतर धरून ठेवायचं. एक जीच्या वळणात मानेला आडवं जेवढं ओझं पडतं, तेवढंच इथे पडतं, कारण गुरुत्वाकर्षण एक जीच असतं. डोकं पाच किलोच्या आसपास, हेल्मेट दीड किलो. साडेसहा किलो आडवं धरायचं. सुरुवातीला वीस सेकंदांत मानेची शीर थरथरायला लागली. हे रोज रात्री दिवाणावर चालायचं. एकदा बेल वाजली तेव्हा बायको आतून ओरडली, “अहो, ते डोक्यातलं काढून मग दार उघडा, इस्त्रीवाला आलाय.” ज्यांच्या मानेला आधीपासून त्रास आहे त्यांनी मात्र हे फिजिओला विचारल्याशिवाय करू नये.

जानेवारीत निघालो. पुण्याहून कोइम्बतूरला थेट गाडी आहे, कुर्ल्याहून येणारी कोइम्बतूर एक्सप्रेस, सोलापूर, गुंटकल, बेंगळुरू करत जाणारी. दिवसापेक्षा जास्त लागतो, पण विमानाचे पैसे वाचतात. ट्रॅक शहराबाहेर चेट्टिपाळयमला आहे, करी मोटर स्पीडवे, सुमारे २.१ किलोमीटरचा. भारतात एकआसनी रेसगाड्या बनवणारे एस. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले, त्यांचं नाव याला दिलं आहे. २००५ मध्ये भारतातर्फे पहिल्यांदा फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला नारायण कार्तिकेयनही याच शहरातला. रिक्षावाल्याला नुसतं ‘करी’ म्हटलं तरी कळलं.

सकाळी वर्गात झेंडे, रेषा, ब्रेकिंग पॉइंट. मग प्रशिक्षकांनी एकेकाला साध्या सेडानमध्ये शेजारी बसवून फिरवलं. इथे मला मळमळलं, चांगलंच. गंमत म्हणजे दुपारी स्वतः त्याहून वेगाने चालवताना काही झालं नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, त्यातल्या बारीक खड्यांना आडवा जोर आणि डोकं कलणं यातला फरक कळत नाही. एक जी आडवा आणि एक जी खाली, दोन्ही मिळून मेंदूला निरोप जातो की आपण पंचेचाळीस अंश कललोय. डोळे सांगतात, नाही, समोरची रेषा सरळ आहे. स्टीअरिंग हातात असलं की पुढे काय होणार ते मेंदूला आधीच ठाऊक असतं, म्हणून ही भांडणं मिटतात. शेजारच्याला तो लाभ नाही. सकाळी हलकं खा, इडली चालेल, तुपातला पोंगल नको.

दुपारी चालवायला दिलेली फॉर्म्युला एलजीबी ही एकआसनी रेसगाडी म्हणजे नळ्यांचा सांगाडा, १३०० सीसीचं मारुतीचं इंजिन आणि नक्षी असलेले टायर. बसायची जागा इतकी अरुंद की आधी उभं राहायचं, मग पाय पुढे सरकवत स्वतःला आत ओतायचं. सीट एकच, माणसं वेगवेगळी, म्हणून फोमचे तुकडे कोंबतात. इथे अजिबात भीड बाळगू नका. कंबर आणि बरगड्यांपाशी बोटभर जरी फट राहिली, तरी वळणात अंग तेवढं सरकतं आणि आपण नकळत गुडघ्यांनी, कोपरांनी आणि स्टीअरिंगला लटकून स्वतःला सावरतो. माझ्या बॅचमधल्या एका मुलाच्या दोन्ही गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला संध्याकाळी रुपयाएवढे काळेनिळे डाग होते. मी दोनदा उतरून फोम बदलून घेतला. मेकॅनिक अण्णांच्या कपाळावर आठी पडली, पण बदलून दिला.

मग पट्टे. सहा टोकांचा हार्नेस. अण्णा पट्ट्याचं टोक धरून थांबले आणि हाताने खूण केली, श्वास सोडा. सोडला, आणि त्यांनी गच्च ओढला. पुढची वीस मिनिटं पोट भरून श्वास घेता येत नाही, छातीच्या वरच्या भागानेच घ्यावा लागतो.

पहिल्या काही फेऱ्यांमध्ये वळणांपेक्षा ब्रेकचं नवल वाटलं. सरळ रस्त्याच्या शेवटी पूर्ण ब्रेक दाबला की अंग पट्ट्यांना लटकतं, हनुवटी छातीकडे जाते, खांद्याच्या हाडांवर पट्टे रुततात. रोज गाडी चालवताना आपण एवढा ब्रेक कधी मारतच नाही. आणि हे सगळं होत असताना डाव्या पायाने क्लच, उजव्या हाताने गिअर, नजर वळणाच्या आतल्या कडेवर. उजव्या वळणात डोकं डावीकडे फेकलं जातं आणि मानेची उजवी बाजू त्याला धरून ठेवते. पहिल्या सत्रात ती धरून होती. तिसऱ्या सत्रात हेल्मेट कॉकपिटच्या कडेवर टेकायला लागलं, आणि टेकलं की इंजिनाची थरथर थेट डोक्यात. समोरचे शंकू दुहेरी दिसायला लागले. वेग काही वाढलेला नव्हता, मान दमली होती.

याचं कारण फिजिओ मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. धावताना स्नायू आकुंचतो, सैल होतो, त्यामुळे त्यातून रक्त खेळतं. डोकं धरून ठेवताना तो नुसताच ताणून उभा राहतो, आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं आणि जळजळ सुरू होते. सरळ रस्ता आला की सैल सोडायचा, तेवढ्या दोन-चार सेकंदांत रक्त फिरून येतं. लहान ट्रॅकवर सरळ रस्ते थोडे आणि आखूड, म्हणून कमी वेगाचा ट्रॅकही मानेला सोपा जात नाही. ब्राझीलच्या इंटरलागोसला बड्या रेसर्सच्याही माना दुखतात त्याचं एक कारण म्हणजे तो ट्रॅक उलटा, घड्याळाच्या काट्यांविरुद्ध. एरवी कमी काम करणारी बाजू तिथे कामाला लागते.

दुसरं कळलं ते श्वासाचं. संध्याकाळी प्रशिक्षकांनी डेटा दाखवला. आडवा जी एका अक्षावर, ब्रेक मारण्याचा आणि वेग वाढवण्याचा जी दुसऱ्यावर, सगळे ठिपके मिळून साधारण वर्तुळ. टायरची पकड एकूण तेवढीच, ती ब्रेकला द्यायची की वळणाला, हे वाटून घ्यायचं. माझे ठिपके वर्तुळाच्या कडेला कुठे कुठे टेकले होते, बरेचसे आतच घुटमळत होते. सर्वांत मोठा आकडा १.२. पण मी छातीला ठोके मोजायचा पट्टा लावला होता, त्यात सत्राच्या शेवटी १६५ दिसत होते. जिना चढून कधी एवढे झाले नव्हते. प्रशिक्षक हिंदीत म्हणाले, “आप कॉर्नर में साँस रोकते हो.” मला पटेना. मग आठवलं की प्रत्येक वळणातून बाहेर पडताना मी फुस्स करून हवा सोडत होतो. अंग आवळून श्वास धरला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, रक्तदाब वरखाली होतो. त्यात उष्णता: अग्निरोधक सूट, आत लांब बनियन, डोकं-चेहरा झाकणारा बालाक्लावा, मागे इंजिन. जानेवारीतही घामाने बनियन पिळून निघत होतं. आणि घाबरलेलं शरीर आपलं अॅड्रेनलिन सोडत असतंच. ठोके वाढायला एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशीचा उपाय साधा होता: वळणात शिरताना मोठ्याने आकडे म्हणायचे. बोलताना श्वास धरता येत नाही. हेल्मेटच्या आत कुणाला ऐकू जातंय? मी मराठीत पाढे म्हटले. बावीसचा. ठोके दहा-बाराने उतरले आणि मान जास्त वेळ टिकली, कारण जबडा आणि खांदे सैल राहिले.

जेवताना एकाने हमखास विचारला जाणारा प्रश्न विचारला: मग बेशुद्ध कधी होतो? लढाऊ विमानात जोर डोक्याकडून पायांकडे लागतो, रक्त खाली ओढलं जातं, चार-पाच जीच्या पुढे डोळ्यांपुढे करडं होतं. मोटारीत जोर आडवा किंवा मागेपुढे असतो, म्हणून सहसा तसं होत नाही. अपवाद कलत्या ट्रॅकचा. एप्रिल २००१ मध्ये टेक्सास मोटर स्पीडवेवर अमेरिकेतल्या कार्ट (CART) या मोठ्या रेसगाड्यांच्या मालिकेची शर्यत होती. २४ अंश कललेली वळणं, वेग ताशी ३७० किलोमीटरच्या पुढे, प्रत्येक फेरीत साधारण १८ सेकंद पाच जीहून जास्त जोर, आणि त्यातला बराचसा खाली, सीटमधून पायांकडे. सरावानंतर २५ पैकी २१ जणांनी गरगरल्याचं, भान हरपल्यासारखं झाल्याचं सांगितलं. शर्यतीच्या दिवशीच शर्यत रद्द झाली. या खेळात डॉक्टरांच्या शब्दावर असा निर्णय झाला, याचं मला फार कौतुक आहे.

अपघातातले आकडे वेगळेच. २०२० मध्ये बहरीनला रोमां ग्रोजां ६७ जीच्या धक्क्यातून चालत बाहेर आला. १९५४ मध्ये अमेरिकी हवाई दलाचे जॉन स्टॅप रॉकेटच्या घसरगाडीवर ४६ जी सोसून जिवंत राहिले, डोळ्यांत रक्त उतरलं तरी. थोडक्या वेळाचा धक्का हाडांवर आणि पट्ट्यांवर निभावतो. मिनिटांचा सव्वा जी स्नायूंना निभवावा लागतो. आणि धक्क्यातही डोकं पट्ट्याने बांधलेलं नसतं, म्हणून डोकं झटक्याने पुढे जाऊ न देणारं, हेल्मेटला जोडायचं हान्स हे साधन. फॉर्म्युला वनने ते २००३ मध्ये सक्तीचं केलं. विकत घेणार असाल तर हेल्मेटवर त्याचे खिळे बसवायची सोय आहे का ते आधी बघा, मोटरसायकलच्या हेल्मेटवर ती नसते.

प्रमाणपत्र शाळेने तिथेच दिलं. खरं दुखणं परतीच्या गाडीत सुरू झालं, दुसऱ्या दिवशी. उशीवरून डोकं उचलायला हाताने केस धरावे लागत होते. मधला बर्थ होता, खाली उतरणं हा कार्यक्रमच झाला. परतीला खालचा बर्थ घ्या आणि पुढचा एक दिवस सुट्टी ठेवा. बर्फ, मग गरम शेक, आणि मान हळूहळू हलवत राहणं. गळपट्टा लावू नका असं फिजिओंनी बजावलं होतं. हाताला मुंग्या आल्या असत्या तर लगेच दाखवायला जायचं ठरलं होतं, सुदैवाने तसं झालं नाही. चौथ्या दिवशी मान मोकळी झाली.

मग ऑनलाइन अर्ज. फोटो, वयाचा दाखला, रक्तगटाचा रिपोर्ट, शाळेचं प्रमाणपत्र, वैद्यकीय फॉर्म, फी काही हजार. माझा फॉर्म परत आला कारण डॉक्टरांचा शिक्का पुसट उमटला होता, नोंदणी क्रमांक वाचता येत नव्हता. डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. त्यांनी नवीन शाईचा पॅड काढला आणि शिक्का मारता मारता विचारलं, “ठोके किती गेले होते?” १६५ सांगितल्यावर स्ट्रेस टेस्टचा कागद परत मागून घेतला, टेस्टमधल्या सर्वांत मोठ्या आकड्याशी ताडून पाहिला आणि मान डोलावली. फेब्रुवारीच्या शेवटी लायसन्स मेलवर आलं.

सगळा खर्च, प्रवास आणि फिजिओ धरून, ₹८०,००० च्या आतबाहेर. फॉर्म्युला गाडीची पूर्ण मोसमभर स्पर्धा लाखांत जाते, ती माझ्या आवाक्यातली नाही. आपली स्वतःची गाडी घेऊन उतरता येईल अशी ऑटोक्रॉस, म्हणजे आखलेल्या छोट्या मार्गावर वेळ लावून होणारी स्पर्धा, जवळपास कुठे होते का, ते बघतोय. कुणी जाणार असाल आणि तुमचे डॉक्टर सही करायला का-कू करत असतील, तर शाळेकडून एक पत्र मागून घ्या: कोणती गाडी, सत्र किती मिनिटांचं, जोर साधारण किती. माझ्यामागून गेलेल्या ऑफिसमधल्या मित्राने तसं पत्र नेलं, त्याचं काम एका फेरीत झालं.